देवगिरीचे कोठार

नरसी येथे कयाधूच्या तीरी नामदेवांच्या दर्शनास येणाऱ्यांस आम्ही देवगिरीचीही आठवण करून देत असतो. परंपरेप्रमाणे नामदेवांचा जन्म सन १२७० चा; पुढच्याच वर्षी रामदेवराव यादव गादीवर आला.

सन ११८७ च्या सुमारास पाचव्या भिल्लमाने देवगिरीस स्वतंत्र राज्य स्थापिले. सिंघणाच्या कारकीर्दीत ते वैभवाच्या शिखरास पोहोचले. मग सन १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी काही हजार स्वारांनिशी अकस्मात चालून आला. युवराज शंकरदेव मुख्य सैन्यासह दूर होता. किल्ला दुर्भेद्य खरा. परंतु फेरिश्ता लिहितो की, धान्याची म्हणून घाईने आत घेतलेली पोती उघडली, तो त्यांत मीठ निघाले! राजास अपार खंडणी देऊन तह करणे प्राप्त झाले. सन १३१३ च्या सुमारास शंकरदेव मारला गेला आणि पाच वर्षांत हरपालदेवाबरोबर राज्यही बुडाले.

नामदेव मात्र पंजाबापर्यंत गेले. त्यांची ६१ पदे शिखांच्या ग्रंथसाहेबात आजही गाइली जातात. त्यांच्यापाशी ना किल्ला होता, ना खजिना. जे होते ते अस्सल होते.

आपल्या काही घरांत मुले सायंकाळी परवचा म्हणतात, स्तोत्रे घडाघडा म्हणून दाखवितात, आणि वडील मंडळी संतोष पावतात. त्यांतील एखाद्या श्लोकाचा अर्थ मुलांस कधी विचारावा. पोती वेळेवर उघडून पाहिलेली बरी. वेढा पडल्यावर पाहून काय उपयोग?