बॉबिन काढून दाखवा!

दिवाळीच्या आधी माझ्या धाकट्या जावेची भिशी लागली. पाच हजार. म्हणाली, "ताई, या वेळी कानातलं नको. मशीन घेते." ब्लाउज तिच्या हातचे छान बसतात, गल्लीतल्या बायका आपणहून कापड घेऊन येतात, पण दर वेळी शेजारणीचं मशीन मागायचं म्हणजे जिवावर येतं. नवं मशीन स्टँडसकट त्या पैशांत बसत नव्हतं. म्हणून दीरांनी जुन्या सामानाच्या दुकानात एक बघून ठेवलं होतं. मीही सोबत गेले.

दुकानदार म्हणाला, "साहेब, ओरिजिनल सिंगर आहे. ब्रिटिशांच्या वेळचं. शंभर वर्षं झाली, अजून शंभर चालेल. साडेपाच हजार."

साहेब म्हणजे आमचे दीर. त्यांनी जन्मात सुईत दोरा ओवलेला नाही! पैसे जिचे, पाय जी मारणार, ती बिचारी मागे पिशवी धरून उभी.

मैत्रिणींनो, मला दुकानदाराचा राग आला, पण निम्माच. बाकी निम्मी चूक आपली. भेंडी घेताना आपण टोक मोडून बघतो, नारळ कानाशी हलवून बघतो. आणि मशीन घ्यायचं म्हटलं की कुणीतरी 'जाणकार' पुरुषमाणूस सोबत लागतो. वर्षानुवर्षं शिवणाऱ्या बाईला मशीन ओळखता येऊ नये, हे काही खरं नाही. अवघड तर ते मुळीच नाही.

नावाकडे आधी बघूच नका. सोनेरी अक्षरांचे स्टिकर बाजारात मिळतात. काळा रंग मारायचा, वर नाव चिकटवायचं, की झालं 'सिंगर'. पहिल्यांदा म्हणायचं, "बॉबिन काढून दाखवा." मशीनची जात तिथे कळते.

बॉबिन लांबट, पेन्सिलीच्या तुकड्यासारखी, आणि ती होडीसारख्या लांब शटलमध्ये बसत असेल तर मशीन खरंच जुन्या घाटाचं. सिंगरची २७ आणि २८ नंबरची मशिनं अशी असतात. टाका सुरेख घालतात. पण ते शटल हरवलेलं किंवा झिजलेलं असेल तर गावातल्या दुकानात दुसरं मिळायची आशा धरू नका. बॉबिन गोल असेल आणि सुईच्या पुढची पट्टी सरकवून वरूनच आत टाकायची असेल, तर ते ६६ किंवा ९९ नंबरच्या घराण्यातलं. तिची बॉबिन वेगळी असते, कडा किंचित फुगीर. आपली नेहमीची सपाट बॉबिन तिथे चालत नाही, हे विसरू नका. आणि बॉबिन गोल, सपाट, लोखंडी केसमध्ये घालून डाव्या टोकाकडून खाली बसवायची असेल, तर ते १५ नंबरच्या घाटाचं. आपल्याकडची बहुतेक काळी घरगुती मशिनं याच घाटाची आहेत, उषा असो की लुधियानाकडची इतर. म्हणूनच त्यांची बॉबिन, केस, सुई तालुक्याच्या गावातही सहज मिळते.

ब्लाउज शिवून चार पैसे मिळवायचे असतील तर माझं मत स्पष्ट आहे. विलायती २७ नंबरपेक्षा साधं देशी १५ नंबरच्या घाटाचं मशीन घ्यावं. मिरवायला नसेल, पण लग्नसराईत केस मोडली तर काम अडत नाही.

आता नंबर. खऱ्या सिंगरवर तो ठोकलेला असतो, रंगवलेला नसतो. मशीनच्या पाटावर उजव्या हाताला, खांबाच्या बुडाशी बोट फिरवा, खोलगट अक्षरं लागतील. खांबावर पितळी बिल्लाही असतो, पण बिल्ला दुसऱ्या मशीनचा काढून लावता येतो. नंबर तसा बदलता येत नाही. नंबरात नुसते आकडे असतील तर मशीन साधारण १९०० च्या आधीचं. स्कॉटलंडच्या मशीनवर पुढे एक इंग्रजी अक्षर असेल तर १९०० ते १९३५ च्या दरम्यानचं. ई आणि दुसरं एक अशी दोन अक्षरं असतील तर १९३५ च्या नंतरचं. आणि १५ किंवा ६६ या आकड्यापुढे 'के' लिहिलेला दिसला तर समजा, मशीन स्कॉटलंडच्या क्लाइडबँक गावच्या कारखान्यातून आलं. तो कारखाना १९८० साली बंद झाला.

या कारखान्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. १९११ च्या मार्चमध्ये तिथे लाकडी पेट्यांना पॉलिश करणाऱ्या बारा बायकांवर कामाचा बोजा वाढवला, मजुरी मात्र कमी. त्यावरून संप झाला आणि सुमारे अकरा हजार कामगार बाहेर पडले. संप पुढे मोडला, पुढाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. पण त्या सुमाराच्या एखाद्या मशीनची लाकडी पेटी आजही कुणाकडे असेल, तर तिच्यावर अशाच बायकांचा हात फिरलेला असणार.

असो. वय कळलं म्हणजे तब्येत कळली असं नाही. चाक हातानं आपल्याकडे फिरवून बघा. जड जातंय म्हणून लगेच नाही म्हणू नका. बरेचदा आत जुनं तेल चिकट होऊन बसलेलं असतं. रॉकेलचे दोन-दोन थेंब टाकून, फिरवून, पुसून मग मशीनचं तेल घातलं की मोकळं होतं. (खोबरेल तेल घालणाऱ्या घरोघरी आहेत. अहो, थंडीत बाटलीत गोठतं ते मशीनमध्ये गोठणार नाही का?) जड मशीन बरं होतं, खिळखिळं होत नाही. सुईची दांडी दोन बोटांत धरून हलवा. डावी-उजवीकडे डुगडुगली तर झीज झालेली आहे. पाटाखाली बघा, बिडाला वेल्डिंग केलेलं दिसलं तर सरळ घरी या. मग स्वतःच्या पिशवीतला कापडाचा तुकडा काढा. दुकानदाराचा जाड कडक तुकडा नको, त्यावर कुठलंही मशीन गुणी दिसतं. वर लाल दोरा, खाली पांढरा. खाली लाल फासे लोंबायला लागले तर बहुधा वरचं टेन्शन सैल आहे किंवा दोरा नीट ओवलेला नाही. ते जागेवर दुरुस्त होतं का ते बघा. पिकोची स्वप्नं मात्र बघू नका, ही मशिनं फक्त सरळ टाका घालतात. बरीच जुनी तर उलटा टाकाही घालत नाहीत.

किमतीबद्दल फार बोलत नाही, गावोगावी भाव वेगळा. पण 'अँटिक' शब्दाला भुलू नका. लाखोंनी निघालेली मशिनं शंभर वर्षांनी दुर्मीळ होत नसतात. २००९ साली सौदी अरेबियात अफवा उठली की जुन्या सिंगरमध्ये 'लाल पारा' असतो. लोकांनी वेड्यासारखे भाव दिले! आत अर्थातच लोखंड आणि तेलच होतं.

उलटंही होतं, आणि ते मला जास्त लागतं. माझ्या आईचं मशीन लांब शटलचं होतं, पाटावर स्फिंक्सचं सोनेरी चित्र. आम्ही भावंडं तिला परी म्हणायचो. वडील गेल्यावर आईनं त्याच्यावर परकर शिवून आम्हा तिघांची शाळा केली. आई गेली आणि घर रिकामं करताना भंगारवाल्यानं ते किलोवर नेलं. स्टँड मात्र त्यानं वेगळं काढून ठेवलं, हॉटेलवाले टेबलाला घेतात म्हणे. मी तिथेच उभी होते. विचारायला काय हवं हेच मला माहीत नव्हतं.

तर त्या दुकानात मी जावेला पुढे केलं. तिनं बॉबिन मागितली. गोल, सपाट, केसमधली. पाटाच्या उजव्या बाजूला बोट फिरवलं, ठोकलेला नंबर कुठेच नाही. दुकानदार एव्हाना "साहेब" सोडून "ताई"वर आला होता. "ताई, नाव सिंगरचंच आहे ना?"

"नाव तुमच्याकडेच ठेवा," जाऊ म्हणाली, "मशीन देशी आहे आणि मला तेच हवंय. सुईची दांडी घट्ट आहे. पट्टा नवा घालून द्या, एक जादा केस द्या. सव्वादोन हजार."

अडीचवर मिटलं. दिवाळीपर्यंत तिनं अकरा ब्लाउज शिवले. त्यातला एक माझा. बाही जरा घट्ट झालीये, पण ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.