नाकाच्या वाटेने मेंदूपर्यंत

राहुरी तालुक्यातील आमचा एक धम्मबंधू साखर कारखान्यात कामाला आहे. वय चाळिशीच्या आतबाहेर. दोन वर्षांपूर्वी त्याची सायकल रस्त्याने चालणाऱ्यांना घासू लागली. विहारात वंदनेला बसताना शेजारच्याला त्याचा धक्का लागे, बाजूला ठेवलेला पाण्याचा तांब्या पायाने लवंडे. वस्तीत बोलणे सुरू झाले की गडी पुन्हा प्यायला लागला. बारा वर्षे ज्याने पाचवे शील पाळले, त्याच्यावर हा ठपका! आणि लपवायचे कशाला, आम्हीही त्यातलेच. एका रविवारी त्याला बाजूला घेऊन आम्ही चार शब्द सुनावले. तो एवढेच म्हणाला, "भाऊ, मला समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही." आम्हांला ती सबब वाटली.

त्याच्या आईने देवऋषी गाठला. घरात भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरी आणि मुलाच्या दंडात ताईत! सहा महिने त्यात गेले. शेवटी कारखान्यातल्या एका सोबत्याने चष्मा करून घे म्हणून त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले. डॉक्टरांनी चष्म्याचे नाव काढले नाही. नजर दोन्ही बाजूंना किती पोचते ते मोजले आणि एमआरआय काढायला पाठवले. मेंदूच्या तळाशी, बरोबर मधोमध गाठ निघाली.

योजनेचे कागद करण्यासाठी ते कुटुंब आमच्याकडे आले. आम्ही कारकून माणसे, कागद नीट वाचायची सवय. तो रिपोर्ट वाचताना आमची मान खाली गेली. त्याची आई विचारत होती, "इतक्या आत गाठ, मग तिथवर जायला सगळा मेंदू कापत जाणार का?" मुंबईच्या डॉक्टरांनी नाकातून जाऊ म्हणून सांगितले होते, ते ऐकून तर ती जास्तच घाबरली होती.

तिला जे सांगितले तेच इथे लिहितो. नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाच्या हाडात एक लहानशी खोबण असते. तिच्यात हरभऱ्याएवढी पीयूषिका ग्रंथी बसलेली असते. वाढ, पाळी, अंगावरचे दूध अशा किती तरी गोष्टींवर तिचा हुकूम चालतो. दोन्ही डोळ्यांच्या नसा तिच्या लगेच वर एकमेकींना छेदतात. ग्रंथीत गाठ वाढली की ती खालून या नसांना रेटते आणि दोन्ही बाजूंची नजर जाते. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते, पण नसा फार दिवस दाबल्या गेल्या तर गेलेली नजर परत येईलच असे नाही. देवऋषीचे सहा महिने महाग पडतात ते असे.

वरून कवटी उघडून तिथे जायचे तर मेंदू उचलावा लागतो. नाकाच्या वाटेने गेले तर मध्ये मेंदू येतच नाही. नाक, त्यामागची हाडाची पोकळी आणि मग गाठ. ऑस्ट्रियात इन्सब्रुक येथे श्लोफर नावाच्या सर्जनने १९०७ साली या वाटेने पहिली शस्त्रक्रिया केली, पण त्यासाठी त्याला नाक बाहेरून कापून बाजूला करावे लागले. अमेरिकेत कुशिंगने वरच्या ओठाखालून वाट काढली आणि पुढे ती स्वतःच सोडून दिली. १९६० नंतर कॅनडातील हार्डीने सूक्ष्मदर्शक वापरून ती पुन्हा रुळवली. आता नाकपुडीतून दुर्बीण घालतात. चेहऱ्यावर व्रणही राहत नाही.

सगळ्या खोल गाठी मात्र नाकातून निघत नाहीत. उसाच्या मधोमध वासरू अडकले तर आपण ऊस तुडवत जात नाही, सरीसरीने जातो. मेंदूचा सर्जनही सरी शोधतो. मेंदूच्या आतल्या पाण्याच्या पोकळीत गाठ असेल तर दोन अर्ध्या मेंदूंच्या मधल्या फटीतून उतरतात. बोलण्याच्या जागेजवळ असेल तर रोग्याला मध्येच जागे करून बोलायला लावतात, म्हणजे कुठे हात लावायचा नाही ते कळते. काही ठिकाणी सुईने नुसता तुकडा तपासायला घेतात आणि पुढचे किरणांवर सोपवतात. म्हणून "कोणत्या वाटेने जाणार आणि त्या वाटेवर काय काय आहे," हे डॉक्टरांना विचारावे. विचारायला शिक्षण लागत नाही.

आईला धीर आला तो मात्र जीवकाच्या गोष्टीने. विनयपिटकात महावग्गात ती आहे. कचऱ्याच्या ढिगावर टाकलेले हे पोर अभय राजकुमाराने वाढवले आणि तक्षशिलेत सात वर्षे शिकून ते वैद्य झाले. बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात जीवकाच्या धम्मदीक्षेचे वेगळे प्रकरण केले आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीचे डोके सात वर्षे दुखत होते; मोठमोठे वैद्य सोने घेऊन गेले आणि हात टेकले. जीवकाने त्याला खाटेला बांधले, डोक्याचे कातडे चिरले, कवटीचा सांधा उघडून आतून दोन किडे काढले, सांधा मिटवून टाके घातले. किडे होते की आणखी काही, ते राहू द्या. मंत्र म्हटला असे मात्र तिथे कुठेच लिहिलेले नाही. ताईत त्या रात्री तिने स्वतः काढला.

खर्चाचे म्हणाल तर राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली सुरू झाली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. मर्यादा कुटुंबाला दीड लाख होती, ती पाच लाख करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला. दवाखाना योजनेत आहे ना, हे भरती होण्याआधी पाहावे आणि रेशनकार्ड व आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटावे. रेशनकार्डावरचे नाव आणि आधारवरचे नाव अक्षरश: जुळले पाहिजे. आमचे दोन दिवस त्यातच गेले.

बहिणींसाठी एक वेगळे. दिवस नसताना पाळी थांबली, मूल अंगावर नसताना दूध येऊ लागले, तर सासरी नको ते बोलले जाते. तिथे भांडत बसू नका, रक्ताची तपासणी करून घ्या. त्या जातीची गाठ पुष्कळदा नुसत्या गोळ्यांनीच आटोक्यात येते. पुरुषांची चप्पल-अंगठी मोठ्या वयात लहान होऊ लागली तरी तपासावे.

आमच्या बंधूची शस्त्रक्रिया झाली. नाकातून पाण्यासारखे पातळ टिपकले, फार तहान लागून सारखी लघवी होऊ लागली तर लगेच सांगा, अशी ताकीद घरच्यांना दिली होती. रोज एक गोळी आहे, ती मनाने बंद करायची नाही. उजव्या बाजूचे सगळे दिसू लागले आहे, डावीकडचे अजून अंधुक आहे. सायकल त्याने मुलाला दिली. मागच्या रविवारी वंदनेनंतर आम्ही त्याची सगळ्यांसमोर माफी मागितली. तो म्हणाला, "भाऊ, पुढच्या महिन्यात मुंबईला फेरतपासणी आहे, सोबत याल का?" रजेचा अर्ज टाकला आहे.