‘अधम’ काव्याच्या बाजूने

वृत्तपत्रातील शब्दकोडे हा मजकूर आपण वाङ्मयात धरत नाही. धरावा, असा माझाही आग्रह नाही. मात्र ते का धरत नाही याचे आपले उत्तर फार घाईचे असते, आणि त्या घाईमुळे वाङ्मयातलाच एक मोठा भाग आपण वर्गाबाहेर ठेवून बसलो आहोत, असे मला वाटते. मराठी विभागांत कोडे भेटते ते लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत, उखाणे आणि हुमाणांच्या सोबत, एखाद्या परिच्छेदापुरते. श्लेष भेटतो अलंकारांच्या यादीत. व्याख्या, उदाहरण, दोन गुण. या दोहोंचे एकमेकांशी काही नाते आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

या उपेक्षेला शास्त्राधार आहे, हे कबूल केले पाहिजे. मम्मटाने काव्याची प्रतवारी लावली, तीत ध्वनी वर, गुणीभूतव्यंग्य मध्ये आणि चित्रकाव्य तळाला, म्हणजे ‘अधम’. विश्वनाथाने तर प्रहेलिकेला अलंकारही मानले नाही. ती रसाच्या आड येते, हे त्याचे कारण. ही उतरंड आपण इतकी निमूटपणे स्वीकारली की तिच्यामागची एक गंमत आपल्या लक्षात आली नाही. ध्वनिसिद्धान्ताचा आचार्य आनंदवर्धन ‘देवीशतक’ नावाच्या स्तोत्राचा कर्ता मानला जातो आणि ते स्तोत्र यमकांनी व चित्रबंधांनी खच्चून भरलेले आहे. सिद्धान्त लिहिणारा हात आणि खेळणारा हात एकाच माणसाचे होते. पाठ्यपुस्तकात आपण त्यांतला एकच छापला.

दंडी याबाबतीत अधिक मोकळा. ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात तो प्रहेलिकेचे 16 प्रकार लक्षण-उदाहरणांसह देतो, त्याखेरीज पूर्वाचार्यांनी 14 दुष्ट प्रहेलिका सांगितल्याची नोंदही करतो. प्रहेलिकेचे उपयोगही तो सांगतो: गोष्ठीतला विनोद, गर्दीत जाणकारांनी आपसांत करायची गुप्त मसलत आणि दुसऱ्याला गोंधळात पाडणे. त्याच्या ‘समागता’ प्रकारात पदांच्या संधीमुळे अर्थ झाकला जातो. ‘वंचिता’त रूढ शब्द भलत्याच अर्थाने येऊन वाचकाला फसवतो.

हे दोन प्रकार मुद्दाम सांगितले, कारण इंग्रजीतील गूढ शब्दकोड्याचा सारा कारभार जवळजवळ याच दोन युक्त्यांवर चालतो. 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आर्थर विन याचे पहिले शब्दकोडे छापून आले, ते साधे होते, अर्थ दिला, शब्द भरा. त्याला वाकडे वळण दिले ते लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये 1926 पासून ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या एडवर्ड पॉइस मॅदर्सने. मूळचा हा कवी आणि अनुवादक. बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’चे ‘ब्लॅक मॅरिगोल्ड्स’ हे 1919 चे स्वैर इंग्रजी रूपांतर त्याचेच. बिल्हण म्हणजे कल्याणीच्या चालुक्य दरबारातला कवी. तेव्हा हा धागा आपल्यापासून फार लांबचा नाही. मॅदर्सने दंडी वाचला होता असे मला सुचवायचे नाही. श्लोकाशी खेळणारे आणि कोड्याशी खेळणारे मन एकच असू शकते, एवढेच त्यावरून दिसते.

आपली वृत्तपत्रीय कोडी, तुरळक प्रयोग सोडले तर, विनच्या पहिल्या कोड्यापाशीच थांबली. ‘कमळ’ म्हटले की घरे मोजायची आणि पंकज, नीरज, अंबुज, सरोज यांतले जुळेल ते भरायचे. (अमरकोश पाठ करण्याची परंपरा संपली असे कोणी म्हणाले, तर त्याला रविवारची पुरवणी दाखवावी.) वास्तविक सभंग श्लेषासारखे हत्यार हाताशी असलेल्या भाषेत असे व्हायला नको होते. उदाहरणादाखल एक सूत्र मीच रचले आहे: ‘पहिल्या सुराशेजारी मोत्यांची माळ, लेकीचे पुढचे घर (तीन घरे)’. सा अधिक सर, म्हणजे सासर. विद्यार्थ्याने हे एकदा सोडवले की पद कुठे तोडायचे हा श्लेषाचा कळीचा प्रश्न त्याला फळ्यावर लिहून समजवावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट कोडे शिकवते, ती व्याकरणाच्या पुस्तकात असूनही नीट कळलेली नसते. इंग्रजी कोड्याच्या घरात एक लिपिचिन्ह बसते, आपल्या कोड्याच्या घरात आख्खे अक्षर: काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर सगळे बिऱ्हाड एका खोलीत. ‘वानर’ आणि ‘नवरा’ हे शब्द घ्या. वर्ण सुटे करून मांडले तर दोहोंत व्, न्, र्, एक आ आणि दोन अ. तंतोतंत तेच सहा. पण अक्षरे घेतली तर एक ‘न’ तेवढा समान. इंग्रजी पद्धतीने ही अदलाबदल निर्दोष ठरेल, मराठी चौकटीत ती होणारच नाही. उलट ‘नवजीवन’ हा शब्द अक्षरांनी उलटा वाचला तरी तोच राहतो, वर्णांनी उलटला की मोडतो. ‘स्वातंत्र्य’ तीन घरांत मावते खरे, पण त्यातल्या ‘त्र्य’ला छेदून जाणारा शब्द शोधताना कोडेकाराचा जीव मेटाकुटीला येतो, ‘त्र्यंबक’ आठवतो, तर त्याच्या डोक्यावर अनुस्वार! मग तो निमूटपणे ‘पवन’ आणि ‘गगन’कडे वळतो. वर्ण आणि अक्षर यांतला भेद इतका लख्ख दुसरीकडे कुठे दिसेल?

उखाण्याचे काय झाले, ते सर्वांसमोर आहे. या शब्दाचा कोडे हा अर्थ कोशात राहिला आणि नाव घेण्याचा यमकी द्विपद तेवढा चालता राहिला. 2004 साली सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ने तो घराघरांतून दूरचित्रवाणीवर आणला, ही त्या कार्यक्रमाची पुण्याईच, परंतु प्रश्न गळाला आणि यमक उरले, हे तिथे फार स्पष्ट दिसले.

आता मोरोपंत. 108 रामायणे रचणारा हा कवी आपल्याकडे कारागिरीचा नमुना म्हणून शिकवला जातो, आणि बहुधा तिथेच सोडून दिला जातो. त्याचे ‘निरोष्ठ रामायण’ म्हणजे ओठांना ओठ न लावता म्हणायचे रामायण. हा बंध स्वीकारला की काय घडते याचा विचार करू. पवर्ग वर्ज्य. म्हणजे ‘राम’ गेला. लक्ष्मण, भरत, बिभीषण, मारुती, सगळे गेले. सीता राहते, जानकी राहते, दशरथ आणि कैकेयी राहतात. ज्याची कथा सांगायची त्याचेच नाव ओठांवर येऊ द्यायचे नाही. ‘दाशरथी’सारख्या आडवाटेने त्याच्यापाशी जायचे. याच कवीचे ‘मंत्ररामायण’ रामनामाच्या तेरा अक्षरी मंत्राची अक्षरे श्लोकांत गुंफते. एकीकडे नाम जागोजाग पेरलेले, दुसरीकडे नामाचा उच्चारच अशक्य. नामभक्तीच्या परंपरेत वाढलेल्या कवीने असे करावे, याला केवळ कसरत म्हणून मोकळे होणे मला जमत नाही. दंडीने ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्ताकडून ओष्ठ्य वर्णांविना कथा वदवली, तिथे निदान कारण दिले आहे: प्रियेच्या दंतक्षतांनी त्याचे ओठ दुखत होते. मोरोपंताने कारण दिले नाही. ते शोधणे हे वाचकाचे काम होते.

झॉर्झ पेरेकच्या बाबतीत हे काम वाचकांनी केले. ‘ई’ हे अक्षर पूर्णपणे टाळून लिहिलेली त्याची ‘ला दिस्पारिस्याँ’ ही कादंबरी 1969 ची. फ्रेंचमध्ये ते अक्षर गेले की आई आणि बाप हे दोन्ही शब्द लिहिता येत नाहीत. पेरेकचा बाप 1940 साली युद्धात मेला. आईला 1943 साली ऑशवित्झला नेण्यात आले. गाळलेल्या अक्षरात अभ्यासकांना ही पोकळी दिसली. हाच पेरेक 1976 पासून ‘ल प्वाँ’ या साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचत असे. आमचे विद्यार्थी सिद्धान्ताच्या अभ्यासपत्रिकेत पेरेकबद्दल आदराने लिहितात आणि मध्ययुगीन वाङ्मयाच्या अभ्यासपत्रिकेत मोरोपंताला ‘कृत्रिम’ म्हणतात. दोन्ही उत्तरांना आम्हीच गुण देतो.

कोडे सुटले की संपते, कविता संपत नाही, हा आक्षेप रास्त आहे. बहुतेक कोडी संपतातच; बहुतेक कविताही संपतात, पण ते असो. श्लेषाची व्याख्या विचारण्याऐवजी एकदा वर्गाला सूत्र रचून आणायला सांगून पाहावे. पहिल्या दिवशी समानार्थी शब्दांचा ढीग येईल. मग फळ्यावर एक नमुना लिहावा आणि उत्तर सांगू नये: ‘थोर धेनू बाजारात शिरल्या, सामान्य माणूस हवालदिल (चार घरे)’.