फेमस व्हायचंय की इन्फमस? 'नावाला बट्टा' म्हणजे नक्की काय



परवा विट्यातल्या आपल्या बॅचमध्ये एका पोरानं त्याच्या नव्या चहाच्या गाड्याच्या बॅनरचं डिझाइन दाखवलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'विट्याचा इनफेमस चहा'. मी विचारलं, "हे काय रे?" तर म्हणाला, "सर, फेमस तर सगळेच लिहितात. इनफेमस म्हणजे त्याच्या वरचं." निम्मी बॅच हसली. उरलेल्या निम्म्यांना ते का हसतायत तेच कळेना. म्हणून आज या एका शब्दावर बोलू, कारण प्रश्न फक्त स्पेलिंगचा नाही.

शब्द आला कुठून?

आधी उच्चार. 'इनफेमस' नाही, 'इन्फमस'. त्याचं नाम 'इन्फमी'. मूळ लॅटिन 'फामा', म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली गोष्ट. ते आलं 'बोलणे' या अर्थाच्या धातूवरून. पुढे नकाराचा 'इन' लागला आणि 'इन्फामिया' झालं, म्हणजे अपकीर्ती. थोडक्यात, फेमस आणि इन्फमस या दोघांबद्दलही लोक बोलतात. काय बोलतात, त्यात फरक.

प्राचीन रोममध्ये हा शब्द नुसता टोमणा नव्हता, कायद्यातली शिक्षा होती. भागीदाराला फसवलं, विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू हडप केली, अनाथ पोराचा पालक होऊन त्याचीच मालमत्ता खाल्ली, आणि कोर्टात हे सिद्ध झालं, तर त्या माणसावर 'इन्फामिया' यायची. मग त्याला सरकारी पद नाही, दुसऱ्याच्या वतीनं कोर्टात उभं राहता येत नाही. गुन्हे बघा कुठले आहेत. सगळे विश्वासाचे, म्हणजे आपल्या धंद्यातलेच.

हा शब्द किती जड आहे त्याचं एक उदाहरण. १९४१ साली जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या भाषणाच्या मसुद्यात आधी म्हटलं होतं की ही तारीख जगाच्या इतिहासात राहील. त्यांनी 'जगाचा इतिहास' हे शब्द स्वतःच्या हातानं खोडले आणि तिथं 'इन्फमी' लिहिलं. इतिहासात चांगलंही राहतं आणि वाईटही. इन्फमीत फक्त काळं राहतं.

आपला शब्द जास्त नेमका आहे

मराठीत आपण म्हणतो, 'नावाला बट्टा लागला'. हा बट्टा सराफांचा शब्द आहे. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे कितीतरी प्रकारचे रुपये चालायचे. नाणं झिजलेलं असेल, चांदी हिणकस असेल, तर सराफ ते पूर्ण किमतीला घ्यायचा नाही. जेवढं कापून घ्यायचा, तो बट्टा. नाणं चालायचं, पण कमी भावानं. नावाचंही तसंच. बदनाम दुकान लगेच बंद पडत नाही. ते चालतं, पण त्याचा शब्द कमी भावानं चालतो.

विट्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आपल्या खानापूर तालुक्यातली, शेजारच्या आटपाडीतली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. तिकडची भाषा वेगळी, गाव परकं. तिथला सोनार आपल्या माणसाच्या हातात सोनं देतो, ते वितळवून शुद्ध करून घेतो. टंच सांगितला की तो मानतो. तो सोनार कुणाचा बॅनर बघून येत नाही, आधीच्या सोनारानं काय सांगितलं ते ऐकून येतो. हीच फामा.

माझ्या नावाला लागलेला बट्टा

आता माझंच सांगतो. भांड्यांचं दुकान अण्णांकडून माझ्याकडे आलं, त्यानंतरची पहिली दिवाळी. नुकताच बीबीए झालेलो, डोक्यात मार्केटिंग. १,२०० च्या डिनर सेटवर १,८०० चं स्टिकर चिकटवलं आणि बाहेर बोर्ड लावला, 'दिवाळी ऑफर, फक्त १,२५०'. एका ताईंनी नखानं स्टिकरचा कोपरा उचलला. खाली १,२००. त्या काही बोलल्या नाहीत. सेट जागेवर ठेवला आणि गेल्या.

त्यांच्या भिशीत ही गोष्ट झाली आणि पुढच्या आठवड्यापासून गिऱ्हाईक प्रत्येक डब्याचं स्टिकर खरवडून बघायला लागलं. अण्णांच्या काळात सांगितलेल्या भावाला लोक हो म्हणायचे. आता खऱ्या भावालाही "बरोबर लावा" म्हणायला लागले. अण्णा एवढंच म्हणाले, "एकदा पन्नास जास्त घ्यायला गेलास, आता दर वेळी पन्नास कमी घे." बट्टा म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

सगळी स्टिकरं काढली, मार्करनं एकच भाव लिहिला. त्या ताईंच्या घरी जाऊन चूक कबूल केली. त्यांनी चहा दिला, पण पुढचे आठ महिने दुकानात पाऊल ठेवलं नाही. घासाघीस थांबायला दोन दिवाळ्या गेल्या.

मग वादग्रस्त रील करायचं की नाही?

हल्ली काही जण शिकवतात, गिऱ्हाइकाशी उर्मट बोला, शेजारच्या दुकानदाराला नावं ठेवा, व्हायरल व्हाल. गर्दी होते, हे मी नाकारत नाही. पण मोठ्या शहरात रोज नवा माणूस येतो, तो परत नाही आला तरी भागतं. विट्यात तेच गिऱ्हाईक शाळेच्या गेटवर भेटतं, आठवडी बाजारात भेटतं, लग्नात शेजारच्या पंगतीला बसतं. आणि होलसेलवाला महिनाभर उधारीवर माल देतो, तो तुमचे व्ह्यूज बघून नाही, पत बघून. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. लहान गावातल्या दुकानदारानं प्रसिद्धीसाठी बदनामी विकत घेऊ नये. ती स्वस्तात मिळते, पण तिचा हप्ता रोज गल्ल्यातून जातो.

आजचा गृहपाठ

दुकानात जी गोष्ट गिऱ्हाइकानं नख लावून बघितली तर तुम्हाला लाज वाटेल, अशी एक गोष्ट शोधा. स्टिकर असेल, वजनकाटा असेल, जुना माल असेल. ती आज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी दुरुस्त करा.

आणि हो, त्या पोरानं बॅनर बदललाय. आता त्यावर फक्त त्याचं नाव आणि 'चहा' एवढंच आहे. पुढचं लोक बोलतील.