पाठवलं की पोचलं?

परवा आमच्या शेजारचे काका पहाटे साडेपाचला रिक्षा करून डायलिसिसला गेले आणि सातला तसेच परत आले. त्यांची पाळी दुपारवर ढकलली होती म्हणे. "मोबाइलवर नोटिफिकेशन पाठवलं होतं," असं काउंटरवरच्या मुलीने सांगितलं. काकांच्या मोबाइलवर तर काहीच नव्हतं. मी याच धंद्यातला, त्यामुळे ती मुलगी खोटं बोलत नसणार हे लगेच कळलं. पाठवलं असणारच. पोचलं नाही, एवढंच!

गंमत बघा, रियल-टाइम ॲप्लिकेशन बांधताना सर्व्हरच्या आत आम्ही केवढी काळजी घेतो. रॅबिटएमक्यूसारख्या रांगेत संदेश टाकला आणि पोच मागायची सोय चालू ठेवली, की काम करणाऱ्या प्रोग्रामने "झालं" असं कळवेपर्यंत तो रांगेतून काढला जात नाही. प्रोग्राम मधेच बंद पडला, तर तोच संदेश दुसऱ्याला देतात. त्यामुळे कधी एकच संदेश दोनदा येतो. मग प्रत्येकाला क्रमांक देऊन 'हा आधी येऊन गेला का' हे बघत बसावं लागतं. डोकेदुखी आहे, पण परवडते.

आणि इतका जपून आणलेला संदेश शेवटी पुश नोटिफिकेशनच्या हवाली! ॲपलने ही सोय २००९ साली सुरू केली. तिथे पोचवायचा प्रयत्न होतो, हमी नसते. फोन बंद, परवानगी नाकारलेली, बॅटरी वाचवायचं सेटिंग... कारणं पुष्कळ. ॲपल किंवा गूगलच्या सर्व्हरने "घेतला" म्हटलं, की आमचे लोक डेटाबेसमध्ये 'पोचला' लिहून मोकळे. मीही लिहिलंय, कबूल करतो.

माझ्या मते नोटिफिकेशन म्हणजे नुसती दारावरची बेल. पत्र सर्व्हरवरच राहावं. ॲप उघडलं की त्याने शेवटच्या क्रमांकापुढचं सगळं मागून घ्यावं आणि स्वतः पोच द्यावी. रात्रीपर्यंत पोच आली नाही, तर कुणीतरी सरळ फोन लावावा. यावर मीटिंगमध्ये "हे स्केल होणार नाही" असं ऐकायला मिळतं. अहो, सकाळच्या पाळीला माणसं असतात किती?

असो. काकांनी त्यांच्यापुरता मार्ग काढलाय. "आता आदल्या रात्री मीच फोन करून विचारत जाईन," म्हणाले. म्हणजे पोलिंग! सारखं सारखं विचारावं लागू नये म्हणून आम्ही हा सगळा खटाटोप केला, आणि आता सत्तरीतले काका दर खेपेला विचारणार.