नाताळच्या पंक्तीतील फळांची वाटी



नाताळात घरोघरी कुलकुल, नेवऱ्या व दोदोल यांची ताटे भरतात. परंतु मधुमेहामुळे ज्यांस गोड वर्ज्य झाले आहे, ते आजोबा त्याच पंक्तीत रिकाम्या हातांनी बसलेले असतात. त्यांचे स्मरण ठेवून फळांची एक ताजी वाटी करावी.

या ऋतूत नागपुरी संत्री मुबलक मिळतात. २ संत्री व १ मोसंबे सोलून बिया आणि पांढरी साल काढावी. अव्होकॅडो, म्हणजेच बटर फ्रूट, झाडावर असेतोवर मऊ होत नाही. यास्तव ते काही दिवस घरात ठेवून, दाबता किंचित दबू लागल्यावरच चिरावे. चिरताच लिंबाचा रस लावावा, नाहीतर हवेने फोडी काळवंडतात. वरून मीठ, मिरपूड व पुदिना पुरे, साखर नको. संत्र्यातही साखर असतेच. तेव्हा किती खावे, हे डॉक्टरांस विचारावे. पपनस मात्र काही औषधांच्या परिणामात बदल घडविते. म्हणून ते विचारल्यावाचून घालू नये.

आणि ही वाटी आजोबांपुरतीच नव्हे, तर लहानथोर सर्वांस वाढावी. आजारी माणसास पथ्याहूनही वेगळेपणा अधिक बोचतो. गोठ्यात जन्मलेल्या प्रभूच्या सणाला कोणीही पंक्तीबाहेर राहू नये.