दोन अक्षरांची किंमत

एन.सी.सी.च्या पहिल्या वर्षी माझ्या वाट्याला आलेली रायफल 1917 सालची होती. हे मला कळायला जवळजवळ वर्ष लागले. तोवर माझ्या लेखी ती खांदा दुखवणारी चार किलोंची एक वस्तू होती. एकदा सफाई करताना दस्त्याच्या तोंडाशी असलेल्या लोखंडी भागावरचा मळ निघाला आणि खाली मुकुट, 'जी.आर.', 'एनफील्ड', साल आणि रोमन तीनपुढे एक तारा दिसला.

आमच्या उस्तादांनी मग एकेक खूण उलगडून सांगितली. मुकुट आणि 'जी.आर.' म्हणजे राजा जॉर्ज. तारा म्हणजे पहिल्या महायुद्धातली घाई: उत्पादन वाढावे म्हणून लांब पल्ल्याची जादा साइट आणि मॅगझीन बंद करणारी पट्टी गाळून टाकली, त्याची ती निशाणी. शेजारच्या मित्राची रायफल बंगालमधल्या इशापूरची. तिच्यावर मुकुट नव्हता, अशोकस्तंभाचे सिंह होते. एका रांगेत उभ्या असलेल्या दोन रायफलींमध्ये एक राज्य जाऊन दुसरे आले होते!

पण सर्वांत महत्त्वाची अक्षरे दोनच: 'डी.पी.', म्हणजे ड्रिल पर्पज, फक्त कवायतीसाठी. अशा बहुतेक रायफलींच्या चेंबरला छिद्र पाडलेले असते, फायरिंग पिनचे टोक कापलेले असते. मात्र काही रायफली नुसता शिक्का मारूनच कवायतीला दिलेल्या असतात. त्या वरून धडधाकट दिसतात. त्यांचा धोका सांगणारी तेवढी दोन अक्षरेच काय ती असतात.

म्हणूनच पुढे पाहिलेला एक प्रकार मला अजून खटकतो. तपासणीच्या आदल्या दिवशी कॅडेटांनी पॉलिश पेपर घेऊन दस्ते घासले, वर व्हार्निश चढवले. लाकडावरचे शिक्के गेले, पांढरा पट्टा गेला. तपासणीत शाबासकी मिळाली. एका ज्येष्ठांना मी विचारले, तर ते म्हणाले, "कवायतीच्या दांडक्याला कसली आली अक्षरे?"

माझे म्हणणे नेमके उलटे आहे. दांडक्याला अक्षरे लागत नाहीत, शस्त्राला लागतात. खुणा पुसलेली रायफल उद्या चुकून गोळीबाराच्या रायफलींत मिसळली आणि कुणी तिच्यात जिवंत काडतूस भरले, तर नळी फुटेल तेव्हा गाल त्या कॅडेटचाच असेल.

इतिहासाच्या तासाला आपण ताम्रपटाचे फोटो पाहतो. शिलालेख वाचायला सहलीही काढतो. मग रोज हातात येणारे हे पोलादी लेख कुणी वाचायचे? 'बाजू शस्त्र' शिकवण्याआधी कॅडेटला आपल्या रायफलीवरच्या खुणा वाचायला शिकवा, आणि कोतच्या दारावर एवढीच सूचना लावा: तेल लावा, घासू नका.

चकाकी एका दिवसाची असते. ती दोन अक्षरे कुणाचा तरी जीव राखण्यासाठी कोरलेली आहेत.